दवाखाना सुरू ठेवूनच नवी पानं

पापड, मसाले, शिवणकाम, शेळीपालन यांवर आपण या कार्यक्रमात बरंच बोललो. आज जरा वेगळ्या कामाबद्दल बोलू. आपल्या गटांमधल्या काही मुली-सुना एमएस-सीआयटी करून पुढं वेबसाइटचं काम शिकल्या आहेत. त्यांना आता तालुक्याच्या गावात कामं मिळू लागली आहेत. कुणी शाळेचं काम घेतं, कुणी कृषी सेवा केंद्राचं. आमच्या गटातल्या तिघींकडं एका दातांच्या दवाखान्याचं काम आलं. दवाखान्याची वेबसाइट आधीपासून होती, पण जुनी झाली होती. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसायची आणि सगळा मजकूर इंग्रजीत होता. डॉक्टर मॅडमना नवी पानं हवी होती. उपचारांची माहिती मराठीत, दात काढल्यावर घ्यायच्या काळजीचं पान, लहान मुलांच्या दातांचं पान आणि भेटीची वेळ मागण्याचा फॉर्म.

पहिल्याच बैठकीत मॅडमनी विचारलं, "आठवडाभर साइट बंद ठेवून एकदाच सगळं करून टाकलं तर चालेल ना?" त्यावर दवाखान्यात पेशंटची नोंद ठेवणाऱ्या ताई म्हणाल्या, "नको मॅडम. फोन उचलायला मी नसते तेव्हा लोक तिथंच वेळ बघतात." या एका वाक्यानं कामाची दिशा ठरली. दवाखाना एक दिवसही बंद पडल्यासारखा दिसता कामा नये आणि पानं मात्र नवी व्हायला हवीत. हे कसं साधायचं, ते आज क्रमानं सांगतो. तुमच्यापैकी कुणी हे काम करत असेल, कुणी दवाखान्यात नोकरीला असेल, तर उपयोग होईलच. बाकीच्या आपण सगळ्या कधी ना कधी पेशंट असतोच.

आधी हे बघू, की दातांच्या दवाखान्याची साइट उघडतं कोण. दाढ ठणकायला लागली की रात्री अकरा वाजता मोबाइल हातात घेणारा माणूस. दुपारी दात काढून घरी गेलेली आणि संध्याकाळी बोळ्यावर रक्त दिसल्यानं घाबरलेली बाई. रोज बुडवून, मुलाला घेऊन एसटीनं येणारी आई, जिला निघण्याआधी एवढंच बघायचं असतं की आज दवाखाना उघडा आहे का. या लोकांना दवाखान्याच्या इमारतीचे फोटो नको असतात. त्यांना चार गोष्टी लागतात: फोन नंबर, वेळा, पत्ता आणि आत्ता काय करायचं याची सूचना. वेळ चुकीची दिसली तर त्या आईचा रोजही जातो, तिकिटाचे पैसेही जातात आणि मुलाची दाढ तशीच राहते. म्हणून काम चालू असताना या चार गोष्टींना धक्का लागू द्यायचा नाही, हा पहिला नियम.

घरात नवी चूल घालताना आपण काय करतो? नवी चूल सुकेपर्यंत जुनीवरच भाकरी भाजतो. जुनी आधी मोडली तर घर उपाशी. वेबसाइटचंही तसंच आहे. नवी पानं जुन्याच्या शेजारी बांधायची, तपासायची आणि मगच लोकांना तिकडं वळवायचं.

सुरुवात यादीपासून करायची. एक वही घ्या आणि जुन्या साइटवरचं प्रत्येक पान तिच्यात लिहा. पानाचं नाव, त्याचा पूर्ण पत्ता, त्यावर काय आहे आणि पुढं त्याचं काय करायचं: ठेवायचं, बदलायचं की दुसऱ्या पानात मिसळायचं. मग दवाखान्यात फिरून बघा, हे पत्ते कुठंकुठं छापलेले आहेत. केसपेपरच्या खाली, औषधाच्या चिठ्ठीवर, बाहेरच्या फलकावर, काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये, पेशंटला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या निरोपांमध्ये. छापलेला कागद लोकांच्या घरी असतो, तो आपण परत मागवू शकत नाही. त्यावरचा पत्ता म्हणूनच चालू राहिला पाहिजे.

वेबची कल्पना ज्यांनी १९८९ मध्ये मांडली, त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये एका टिपणात हाच मुद्दा सांगितला होता. चांगला पत्ता बदलत नाही, बदलतात ती माणसं, असा त्याचा आशय. पत्ता बदलण्याची गरजच नसेल तर बदलू नका. पान आतून सगळं नवं करा, पत्ता तोच राहू द्या. पेशंटचा निम्मा त्रास तिथंच वाचतो.

आता नवी पानं बांधायची कुठं? चालू साइटची एक वेगळी प्रत तयार करायची. तिला आपण चाचणीची प्रत म्हणू. तिला पासवर्ड लावायचा आणि गुगलसाठी 'हे पान शोधात दाखवू नको' अशी खूण ठेवायची. नाहीतर अर्धवट पान शोधात वर येतं आणि पेशंट तिथं लिहिलेल्या खोट्या नंबरावर फोन लावत बसतो. या प्रतीबाबत एक गोष्ट फार जपायची. जुन्या साइटवर फॉर्म असेल तर प्रत काढताना खऱ्या पेशंटची नावं आणि नंबरही तिच्यात येतात. ते आधी काढून टाकायचे आणि चाचणीच्या प्रतीतून बाहेर जाणारे सगळे ईमेल आणि मेसेज बंद करायचे. तपासताना आपण दहादा बटण दाबतो, आणि तिकडं एखाद्या आजोबांना 'उद्या तुमची दाढ काढायची आहे' असा निरोप जाता कामा नये. तपासणीसाठी काल्पनिक नावं आणि आपलेच फोन नंबर वापरायचे.

पुढची पायरी मजकुराची. औषधोपचाराबद्दल आपण आपल्या मनानं एक ओळही लिहायची नाही, दुसऱ्या साइटवरूनही उचलायची नाही. मॅडम बोलल्या, आमच्या मुलींनी ते सोप्या मराठीत उतरवलं, कागदावर छापून मॅडमना दिलं आणि त्यांनी प्रत्येक पान वाचून खाली सही केली. ही सहीची पद्धत ठेवाच. दात काढल्यानंतरच्या पानावर मॅडमनी सांगितलेलं असं होतं: बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा, त्या दिवशी जोरात चूळ भरू नका, सारखं थुंकू नका, तंबाखू आणि मिश्री लावू नका, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या गुळण्या करा. 'मिश्री' हा शब्द त्यात मुद्दाम घातला. 'तंबाखूजन्य पदार्थ' असं लिहिलं तर आपल्याकडच्या कितीतरी बायकांना ते आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही.

मुलांच्या पानावर सगळ्यात वर घेतलं ते पडल्यावर दात निघाल्याचं. पक्का दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, दुधात ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. अर्ध्या तासात पोचलं तर तो पुन्हा रुजण्याची आशा जास्त असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. अशा पानावर उशीर किती महाग पडतो बघा. पान उघडलं नाही, किंवा फोटो येईपर्यंत फिरतच राहिलं, तर दात हातचा जातो.

प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला दवाखान्याचा फोन नंबर ठेवला, तोही असा की बोट लावलं की थेट फोन लागेल. खाली एक ठळक चौकट दिली. गालाची सूज डोळ्याकडं किंवा मानेकडं पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर सकाळची वाट बघू नका, मोठ्या रुग्णालयात जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. ही चौकट काम चालू असतानाच, सगळ्यात आधी, जुन्या साइटवरही लावून टाकली. जी गोष्ट आज उपयोगाची आहे तिला नव्या पानांसाठी थांबवायचं नसतं.

मराठी मजकुराबद्दल थोडं तांत्रिक, पण महत्त्वाचं. जुन्या छपाईचे फॉन्ट वापरून टंकलेला मजकूर जसाच्या तसा साइटवर चिकटवला तर मोबाइलवर अगम्य चिन्हं दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा. मराठी अक्षरांचा फोटो काढून तो पानावर लावणं हीसुद्धा सोय नव्हे. तो गुगलला नीट वाचता येईलच असं नाही, कमी दिसणाऱ्या माणसाला मोठा करून नीट दिसत नाही आणि मोबाइलच्या वाचून दाखवणाऱ्या सोयीलाही नीट कळेलच असं नाही. अक्षरं मोठी ठेवा, पांढऱ्यावर काळी ठेवा. फोटो लावायचेच असतील तर आधी लहान करा. मोबाइलनं काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, पानासाठी तो दीड-दोनशे केबीचा पुरतो. आपल्याकडं वाडीवस्तीवर रेंज कशी असते, हे शहरातल्या कुणी सांगायची गरज नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग, फॉर्म. त्यात आम्ही चारच रकाने ठेवले: नाव, फोन, सोयीची वेळ आणि त्रास थोडक्यात. आधार नंबर, जन्मतारीख, जुने आजार यातलं काही मागितलं नाही. साखर, रक्तदाब, रक्त पातळ होण्याची गोळी, गरोदरपण हे सगळं डॉक्टरांना सांगायलाच हवं, पण ते समोर बसून. जी माहिती आपण घेतच नाही ती आपल्याकडून बाहेरही जात नाही. वैयक्तिक माहिती जपण्याबद्दल आपल्या देशात २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगायचं, संमती घ्यायची आणि त्याच कामासाठी वापरायची, हा त्याचा गाभा. पेशंटच्या दातांचे 'आधी आणि नंतर'चे फोटोही लेखी संमतीशिवाय लावायचे नाहीत. 'शंभर टक्के वेदनामुक्त' अशी वाक्यंही नकोत. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यावर दंतवैद्यांच्या आचारसंहितेत बंधनं आहेत, ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

फॉर्म भरल्यावर पडद्यावर काय दिसतं, यालाही महत्त्व आहे. 'तुमचा निरोप पोचला. दवाखान्यातून फोन आल्यावरच वेळ पक्की समजा. दुखणं जास्त असेल तर फॉर्मची वाट न बघता फोन करा.' एवढं लिहिलं म्हणजे फॉर्म भरून लोक थेट दारात येऊन बसत नाहीत. आणि ताईंची अपॉइंटमेंटची वही? ती चालूच ठेवायची. पहिला महिनाभर फॉर्मवरचा प्रत्येक निरोप वहीत उतरवायचा. वीज गेली, नेट गेलं, तरी वही उघडता येते.

मग येतो बदलाचा दिवस. तो निवडताना दवाखान्याची लय बघायची. आठवडी बाजाराचा दिवस नको, त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. शनिवारी रात्रीही नको, काही अडलं तर रविवारी कुणी सापडत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी दवाखाना मिटलेला असतो ती वेळ चांगली. त्या वेळी एक जण संगणकावर, एक जण मोबाइल घेऊन आणि ताई फोनपाशी, असं तिघींनी बसायचं.

त्याआधी साइटची पूर्ण राखीव प्रत काढायची, पानांचीही आणि नोंदींचीही, आणि ती दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. ती परत लावता येते का, हे एकदा लावून बघायचं. उघडता न येणारी राखीव प्रत म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. इथं अजून एक बारकावा आहे. चाचणीची प्रत समजा पंधरा दिवसांपूर्वी काढली. या पंधरा दिवसांत जुन्या साइटवर लोकांनी फॉर्म भरलेले असतात. चाचणीची अख्खी प्रत उचलून चालू साइटवर पसरली, तर ते पंधरा दिवस पुसले जातात. म्हणून फक्त नवी पानं हलवायची, नोंदी जागच्या जागी ठेवायच्या.

शक्यतो त्याच वेळी होस्टिंग, म्हणजे साइट जिथं ठेवली आहे ती कंपनी, बदलायची नाही. एका वेळी एकच काम. बदलणं भागच असेल तर नव्या जागेची खबर इंटरनेटवर सगळीकडं एकदम पोचत नाही, काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस जुनी जागाही चालू ठेवायची. दवाखान्याचा ईमेल त्याच नावावर असेल तर त्याची नोंद वेगळी असते, तिला हात लागू द्यायचा नाही.

ज्या पानांचे पत्ते बदलले, त्यांच्या जुन्या पत्त्यावर निरोप ठेवायचा. आपण घर बदललं की शेजारच्या काकूंना सांगून ठेवतो ना, कुणी आलं तर तिकडं पाठवा म्हणून, तसं. वेबच्या भाषेत त्या कायमच्या निरोपाचा क्रमांक ३०१. तो ठेवला नाही तर पेशंटला ४०४ हा आकडा दिसतो, म्हणजे इथं असं पान नाही. निरोप त्याच विषयाच्या पानाचा ठेवायचा. कवळीची काळजी शोधणाऱ्या आजींना पहिल्या पानावर नेऊन सोडलं तर त्या पुढं शोधत बसणार नाहीत, फोन खाली ठेवतील. हे निरोप निदान एक वर्ष ठेवावेत असं गुगलही सुचवतं. आम्ही म्हणू, छापलेला केसपेपर लोकांच्या घरात आहे तोवर ठेवा.

पानं बदलल्यावर वहीतली यादी पुन्हा काढायची आणि एकेक जुना पत्ता टाकून बघायचा. क्यूआर कोड मोबाइलनं तपासायचा. फोनचं बटण दाबून ताईंचा फोन खरोखर वाजतो का, ते ऐकायचं. फॉर्म भरायचा आणि निरोप ताईंपर्यंत येतो का, ते बघायचं. 'शोधात दाखवू नको' ही खूण नव्या पानांवरून निघाली आहे ना, याची खात्री करायची. ती राहिली तर साइट दिसायला ठीक असते, पण गुगलवरून हळूहळू नाहीशी होते. गुगल मॅपवरच्या दवाखान्याच्या वेळा आणि साइटवरच्या वेळा जुळतात का, तेही बघायचं. साध्या, स्वस्त मोबाइलवर, कमी रेंजमध्ये पान उघडून बघायचं. काही मोठं अडलं आणि अर्ध्या तासात सुटलं नाही, तर राखीव प्रत लावून जुनी पानं परत आणायची. त्यात कमीपणा काही नाही. चार वाजता पेशंट यायला लागतात, त्याआधी चालू साइट हवी.

शेवटी व्यवहाराचं. काम तोंडी घेऊ नका. कोणती पानं, किती दिवसांत, किती रुपयांत, पुढं बदल करायचे तर कोण करणार, हे कागदावर लिहा. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, दवाखान्याच्याच नावावर असावं आणि त्याचं दरवर्षीचं नूतनीकरण कुणी करायचं तेही लिहून ठेवावं. नाव संपलं तर सगळी पानं शाबूत असूनही दार बंद होतं. काम झाल्यावर सगळे पासवर्ड दवाखान्याला बंद पाकिटात द्या आणि ते बदलून घ्यायला सांगा. ताईंना दोन गोष्टी शिकवून या: सुट्टीच्या दिवसाची सूचना स्वतः कशी लावायची आणि वेळ कशी बदलायची. दिवाळीला, जत्रेला दवाखाना बंद असतो. ते सांगायला दर वेळी आपल्याला बोलवावं लागलं, तर ती पानं पहिल्याच वर्षी शिळी होतील.

हे काम ज्या घेतील त्यांनी अंदाज देताना तपासणीचे दिवसही मोजा आणि त्यांचे पैसेही धरा. पानं बांधायला लागतात जवळजवळ तेवढेच दिवस जुने पत्ते तपासायला, फॉर्म भरून बघायला आणि ताईंना शिकवायला लागतात. गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत, म्हणून आधीच सांगावे लागतात. आणि ज्या हे काम घेणार नाहीत, त्यांनी एवढं करा: आपल्या नेहमीच्या दवाखान्याचा नंबर आज मोबाइलमध्ये साठवून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवरही लावा. रेंज नसली तरी भिंतीवरचा नंबर दिसतो.

पुढच्या भागात गटाच्या हिशेबाच्या वह्यांबद्दल बोलू.